रजिस्टरमध्ये रकाना नाही : वाचाघाताच्या उपचारांविषयी सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच या विभागाचे व दिव्यांग कल्याण विभागाचे संबंधित अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. जिल्हा परिषदेच्या शाळांत ३२ वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. मुलांना बोलतं-वाचतं करणं हेच माझं काम होतं. माझ्या यजमानांचं कामही आवाजाचंच. त्यांनी बाजार समितीत ३० वर्षे कांद्याचे लिलाव पुकारले. सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका, आणि त्या गलक्याच्या वर चढलेली ह्यांची पुकार : अकराशे, अकराशे दहा, अकराशे पंचवीस. घरी आले की तांब्याभर पाणी पिऊन म्हणायचे, "आजचं बोलणं संपलं."

तीन वर्षांपूर्वी दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळचा चहा घेताना त्यांच्या हातातली बशी सुटली. उजवा हात उचलेना, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. "काय होतंय?" म्हणून विचारलं तर माझ्याकडे बघत म्हणाले, "तेच... तेच... तेच." पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात त्यांचा हा एकच शब्द होता. भूक लागली तरी तेच, मुलीचा फोन आला तरी तेच, रडतानाही तेच.

आधी जे चांगलं झालं ते सांगते. शेजारच्या मुलाने लगेच गाडी काढली, दोन तासांत आम्ही रुग्णालयात होतो. सीटी स्कॅन झाला आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं. ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे त्या मुलाने कुठल्याशा दवाखान्याच्या भिंतीवर वाचलं होतं. असे फलक लावणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. यजमान वाचले. बारा दिवसांनी घरी आले.

डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, रक्त पातळ ठेवण्याची गोळी होती, मीठ कमी, फिजिओथेरपी रोज, पंधरा दिवसांनी दाखवणे. बोलण्याविषयी एक अक्षर नव्हतं. मी विचारलं तेव्हा राउंडवरचे डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. तुम्ही बोलत राहा." ते खोटं बोलले नाहीत, पण सांगायचं होतं त्यातलं अर्धंच बोलले. त्या अर्ध्या वाक्यावर आम्ही चार महिने काढले.

त्या चार महिन्यांत मी काय केलं ते लिहायला जड जातं. पण तुम्हाला ते कळायला हवं, कारण कुणी काही सांगितलं नाही की प्रत्येक घर असंच काहीतरी करतं. मला वाटलं, शिकवणं तर माझंच काम. बाराखडीचा तक्ता भिंतीवर लावला, पाटी-पेन्सिल आणली आणि ६१ वर्षांच्या माणसाला सकाळ-संध्याकाळ 'क कमळाचा' घोकायला लावलं. एकदा शेजारच्या काकू बसलेल्या असताना मी चित्र पुढे धरून "सांगा बरं, हे काय?" म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने पाटी भिंतीवर फेकली. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आज माझीच मला लाज वाटते.

पुढे ज्या स्पीच थेरपिस्ट ताईंकडे गेलो, त्यांनी पहिल्याच दिवशी माझा गैरसमज दूर केला. म्हणाल्या, "बाई, पहिलीतल्या मुलाकडे शब्द अजून यायचे असतात. ह्यांच्याकडे ते सगळे आहेत. चाळीत कांदा भरलेला आहे, रस्ता वाहून गेलाय. तुम्ही चाळ नव्याने भरायला बघताय." ३२ वर्षांच्या नोकरीत मला भाषेबद्दल कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

या आजाराला वाचाघात म्हणतात. डॉक्टर मंडळी अफेजिया म्हणतात. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात सांभाळली जाते. तिथला रक्तपुरवठा तुटला की बोलणं, ऐकलेलं समजणं, वाचणं, लिहिणं यांतलं काही किंवा सगळंच मोडतं. पक्षाघात झालेल्या साधारण तीन माणसांमागे एकाला सुरुवातीला हा त्रास असतो. डोक्याला मार लागून होतो, गाठीमुळेही होतो. बुद्धी मात्र जागेवर असते. समोरचा आपल्याशी लहान मुलासारखा बोलतोय, आपल्याबद्दल आपल्यादेखत तिसऱ्याशी बोलतोय, हे त्या माणसाला कळत असतं आणि त्यावर काही म्हणता येत नसतं.

हे वैद्यकशास्त्राला नवं नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांसमोर एक रुग्ण आला, त्याला 'तां' या एकाच उच्चाराशिवाय काही बोलता येत नव्हतं. तो २१ वर्षे रुग्णालयात राहिला होता आणि सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. आमच्या घरातलं 'तेच' हे त्या 'तां'चंच भावंड. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार मांडला : यात माणूस भराभरा बोलतो, पण शब्द भलतेच निघतात, दुसऱ्याचं बोलणं नीट समजत नाही, आणि आपलं काही चुकतंय हेही सहसा उमगत नाही. अशा लोकांचे हाल तर आणखी वाईट. आमच्या तालुक्यातल्या एका आजींना असं झालं तेव्हा घरच्यांनी त्यांना आधी देवऋषीकडे नेलं, मग वेडाच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांना पक्षाघात झालाय हे कळायला सहा आठवडे गेले, कारण त्यांचे हात-पाय धड होते.

आम्हाला स्पीच थेरपिस्ट नावाचं कुणी असतं हे चौथ्या महिन्यात, तेही फिजिओथेरपीच्या मुलीने सांगितलं. चौकशी करत एका सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे खरोखरच स्पीच थेरपिस्ट होत्या. दारावर पाटी होती, भिंतीवर रंगीत चित्रं होती, बाकांवर आया मुलांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून जी डीईआयसी, म्हणजे मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार करणारी जिल्हा केंद्रं उभी राहिली, त्यांपैकी ते एक. हा कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचा. तिथल्या स्पीच थेरपिस्ट मुलीने आमचं सगळं ऐकून घेतलं. तिला वाईट वाटलं हे दिसत होतं. मग तिने तिचं रजिस्टर माझ्यापुढे फिरवलं आणि म्हणाली, "बाई, ह्यांना कुठे लिहू? माझ्याकडे यांच्यासाठी रकानाच नाही." तरी दुपारी मुलं गेल्यावर तिने वीस मिनिटं दिली आणि घरी काय करायचं, काय टाळायचं ते सांगितलं.

त्या मुलीविरुद्ध माझी तक्रार नाही. या पत्रामुळे तिला त्रास होऊ नये म्हणूनच मी रुग्णालयाचं नाव लिहिलेलं नाही. माझी तक्रार रकान्याबद्दल आहे.

कारण जरा मोजून पाहा. लहान मुलांच्या केंद्रात स्पीच थेरपिस्टचं पद धरलेलं आहे. बहिरेपणा नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ऑडिओलॉजिस्टचं पद आहे, आणि आपल्याकडे ऑडिओलॉजी व स्पीच यांची पदवी एकच असल्याने ऐकू येतं का ते तपासणारी व्यक्तीही वाचाघाताचं शिकलेली असते. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पक्षाघात आहे, जिल्ह्याच्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे पक्षाघाताच्या कार्यक्रमात वाचा नाही आणि वाचेच्या कार्यक्रमांत पक्षाघाताचा प्रौढ रुग्ण नाही. या दोन्हींच्या मधल्या फटीत माझे यजमान चार महिने पडून होते.

शेवटी नाशिक शहरात खासगीत, वर सांगितलेल्या ताईंकडे गेलो. आठवड्यातून दोनदा, जायला-यायला एसटी, एका बैठकीचे ६०० रुपये. आठ महिन्यांत ५८ बैठका झाल्या. फीच ३४,८०० रुपये. माझी पेन्शन होती म्हणून निभावलं. यजमानांबरोबर ज्यांनी आयुष्य काढलं त्या हमाल-मापाड्यांपैकी एखाद्याच्या घरात हे झालं असतं तर तो माणूस आजही 'तेच' म्हणत बसला असता, याबद्दल मला शंका नाही.

या बैठकांत काय होतं हे अनेक डॉक्टरांनाही नीट माहीत नसतं असा माझा अनुभव आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी तपासणी. आपोआप किती बोलतात, ऐकलेलं किती समजतं, मागोमाग म्हणता येतं का, वस्तूचं नाव सांगता येतं का, वाचन, लेखन. आम्ही समजत होतो की ह्यांना सगळं समजतं, कारण ते प्रत्येक गोष्टीला मान हलवून होकार देत. ताईंनी विचारलं, "तुम्ही बाई आहात का?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. आमच्या पोटात गोळा आला. पण त्यामुळे एक कोडं सुटलं : औषध घेतलं का, तर हो, दुखतंय का, तर हो, आणि आम्ही त्या 'हो'वर विसंबून होतो. दोन शब्दांचं वाक्य समजायचं, लांब वाक्य वाटेत तुटायचं. मग आम्ही घरात सगळे लहान वाक्यं बोलायला लागलो, टीव्ही बंद करून, समोर बसून. ओरडून बोलायचं मात्र सोडलं. ते बहिरे नव्हते.

मग शब्दांच्या वाटा शोधणं. 'पाणी' येत नसेल तर ताई आधी "तहान लागली की आपण काय पितो?" असं म्हणायच्या. नाही आलं तर "थंड, तांब्यात असतं, विहिरीत असतं" अशा आजूबाजूच्या खुणा. तरी नाही आलं तर नुसता 'पा'. ओठ मिटलेले दाखवायच्या आणि थांबायच्या. हे थांबणं शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. वर्गात चाळीस मुलं असली की बाई थांबत नाही. इथे मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे आणि त्यांचा शब्द आपण पुरा करायचा नाही. आठव्या आकड्याला कधीकधी शब्द यायचा.

आकड्यांवरून आठवलं. "किती भाकऱ्या वाढू?" या प्रश्नाला त्यांना 'दोन' म्हणता यायचं नाही. पण ताईंनी "बाराशे..." एवढं म्हणून दिलं की "बाराशे दहा, बाराशे वीस, बाराशे पंचवीस" अशी सगळी पुकार जुन्या चालीत धडधडत बाहेर यायची. आरतीचंही तसंच. संध्याकाळी घरात आरती चालू असताना एकदा ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शब्दांसकट म्हणाले. मुलगी धावत बाहेर गेली, शेजाऱ्यांना सांगत सुटली की बाबा बोलायला लागले. आरती संपली आणि पुन्हा 'तेच'. ताईंनी समजावलं की वर्षानुवर्षं पाठ झालेलं, चालीत बांधलेलं बोलणं मेंदू वेगळ्या तऱ्हेने जपतो. आपल्या मनातलं नवं वाक्य जुळवणं ही निराळी गोष्ट. पण या जपलेल्या चालीचा उपयोग होतो. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या तज्ज्ञांनी यावरूनच एक पद्धत मांडली. छोटं वाक्य सुरात म्हणायचं, डाव्या हाताने ताल धरायचा आणि हळूहळू सूर कमी करत बोलण्यावर यायचं. आमच्याकडे 'मला-पाणी-हवं' असं सुरू झालं. 'भाकऱ्या किती'चं उत्तर मात्र अजूनही ते मनात एकपासून मोजत आणतात, ओठ हलताना दिसतात.

सर्वांत अवघड ठरलं क्रियापद. नामं परतली तरी वाक्य उभं राहीना : "मी... शेत... काल..." आणि पुढे हवेत हात. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि त्याच्यावर किती ओझं असतं पाहा. गेला, गेली, गेलं, गेले. पुरुष, लिंग, वचन, काळ सगळं एका शब्दात. 'रामने आंबा खाल्ला' आणि 'रामने कैरी खाल्ली' यात खाणारा एकच, तरी क्रियापद बदलतं. निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. ज्याचा मेंदू वाट शोधतोय त्याला प्रत्येक वाक्यात हा घाट चढावा लागतो. इंग्रजीसाठी रचलेले व्यायाम जसेच्या तसे घेऊन हे होत नाही.

आणि इथेच मला दुसरं गाऱ्हाणं मांडायचं आहे. ताईंच्या फायलीतली निम्मी चित्रं परदेशी पुस्तकांतून झेरॉक्स केलेली होती. पावाचं यंत्र, बर्फाचा माणूस, रस्त्यावरची लाल पत्रपेटी. कांद्याच्या बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाने बर्फाच्या माणसाला नाव नाही दिलं तर तो आजार की ओळखच नाही? शेवटी मी आणि मुलीने घरातच मोबाइलवर फोटो काढले. विळी, सूप, कुदळ, कांदाचाळ, गोणी, वजनकाटा, एसटीचं तिकीट, आधार कार्ड, नातवाची सायकल. १४० चित्रांची वही झाली. ताईंनी ती वही पुढे इतर रुग्णांनाही वापरली. एका निवृत्त शिक्षिकेला जे दोन महिन्यांत जमलं, ते शासनाला सगळ्या महाराष्ट्रासाठी का जमू नये?

त्यात मराठी म्हणजे फक्त पुस्तकी मराठी धरू नका, अशी कळकळीची विनंती आहे. यजमानांचं बालपण बागलाणातलं. आईशी ते अहिराणीत बोलत. हात दाखवून "हा कुणाचा?" विचारल्यावर त्यांचा पहिला नवा शब्द आला तो 'मन्हा'. मी आनंदाने रडले, आणि तपासणीच्या कागदावर मात्र तो चूक म्हणून लागणार होता. ताई जळगावच्या होत्या म्हणून त्यांनी तो बरोबर धरला. दोन-तीन भाषा जगणाऱ्या माणसाच्या सगळ्या भाषा एकदम परततातच असं नाही, कधी एक पुढे येते, कधी दुसरी. तेव्हा अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या माणसाला त्याच्या घरची भाषा चूक ठरवणारी तपासणी उपयोगाची नाही.

या उपचारांनी खरंच फरक पडतो का, असा प्रश्न आपले अधिकारी विचारतील. विचारायलाच हवा, पैसा जनतेचा आहे. जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ५७ चाचण्या आणि ३,००२ रुग्ण एकत्र पाहिले गेले. उपचार मिळालेल्यांचा रोजच्या व्यवहारातला संवाद, वाचन, लेखन आणि बोलणं उपचार न मिळालेल्यांपेक्षा सुधारलं. २०१७ मध्ये जर्मनीतली १५६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. पक्षाघात होऊन सहा महिने वा त्याहून जास्त काळ उलटलेले हे लोक. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास असे कसून उपचार दिल्यावर त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं. म्हणजे 'सहा महिने झाले, आता काही होणार नाही' हे वाक्य आपल्या दवाखान्यांतून कायमचं बंद व्हायला हवं. पुढे अनेक देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासात दोन गोष्टी दिसल्या : पहिल्या महिन्यात उपचार सुरू झालेल्यांची प्रगती सर्वाधिक, आणि एकूण २० ते ५० तास उपचार मिळालेल्यांची भाषेतली सुधारणा सर्वांत जास्त.

आता आमचा हिशोब लावा. पाऊण तासाच्या ५८ बैठका म्हणजे साडेत्रेचाळीस तास. तासांच्या बाबतीत आम्ही बरोबर त्या पट्ट्यात बसलो. पहिला महिना मात्र बाराखडीत गेला. आणि या साडेत्रेचाळीस तासांचा खर्च पस्तीस हजारांच्या आत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आज कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पण तिची पॅकेजेस प्रामुख्याने भरती होऊन घ्यायच्या उपचारांची, आणि वाचाघाताचे उपचार खाटेवरून उठल्यावर खरे सुरू होतात. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात ऐकण्याचं यंत्र बसवलेल्या मुलाला नंतर थेरपी लागते हे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेने मान्य केलं आहे. यंत्र बसवलं की मूल आपोआप ऐकू-बोलू लागत नाही हे शासनाला कळतं. मग गुठळी विरघळवली की माणूस आपोआप बोलू लागेल, असं आपण कशावरून धरून चालतो?

बँकेतला एक प्रसंग सांगते. यजमानांचं बचत खातं. उजवा हात चालत नाही म्हणून सही जुळेना. कर्मचाऱ्याने त्यांना नाव विचारलं, नाव आलं नाही. मग तो त्यांच्याकडे न बघता मला म्हणाला, "यांना समजत नाही, तुम्ही कोर्टातून पालकत्व आणा." हे बाजूला उभे राहून ऐकत होते. खात्यात किती पैसे आहेत, ठेव कधी संपते, व्याज किती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त नेमकं माहीत. घरी येऊन दोन दिवस ते जेवले नाहीत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १३ मध्ये दिव्यांग व्यक्तीला आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क दिलेला आहे. आणि याच कायद्याच्या अनुसूचीत 'वाणी आणि भाषा दिव्यांगत्व' या नोंदीत अफेजियाचं नाव घेऊन उल्लेख आहे. संसदेने हा शब्द उच्चारला. प्रमाणपत्रासाठी आम्ही गेलो त्या टेबलावर मात्र "मुके आहेत का? नाही ना? मग कशाचं दिव्यांगत्व?" असं विचारलं गेलं. तीन खेपा घातल्यावर प्रमाणपत्र मिळालं. २०२२ मध्ये आपल्या राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, याचा मला अभिमान आहे. म्हणूनच हे पत्र त्या विभागालाही लिहिते आहे.

माझ्या मागण्या अवाजवी नाहीत. पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाचं बोलणं, समजणं आणि गिळणं डिस्चार्जच्या आधी तपासलं जावं आणि कार्डावर त्याची नोंद व्हावी. गिळण्याची तपासणी हेही स्पीच थेरपिस्टचंच काम, आणि घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो तेव्हा त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. जिल्हा रुग्णालयात आज असलेल्या स्पीच थेरपिस्टने आठवड्यातले ठरावीक दिवस प्रौढांना द्यावेत, असा आदेश काढायला नवी इमारत लागत नाही. मुलांचा वेळ कापून मात्र हे करू नका. पदं वाढवा, रिकामी पदं भरा. तालुक्यापर्यंत माणूस पोचत नसेल तर ई-संजीवनीसारख्या व्हिडिओ सोयीवरून बैठका द्या. आमच्या शेवटच्या पंधरा बैठका मोबाइलवरच झाल्या, आणि एसटीच्या धक्क्यांनी थकून न आल्यामुळे ह्यांचं लक्ष उलट जास्त टिकलं. जन आरोग्य योजनेत डिस्चार्जनंतरच्या किमान वीस तासांच्या वाचा उपचारांचं पॅकेज घाला. आशाताई घरोघरी जातात, त्यांना या आजाराची ओळख करून द्या. आमच्या तालुक्यातल्या त्या आजींचे सहा आठवडे त्यामुळे वाचले असते. वाणी आणि श्रवण दिव्यांगत्वासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, नायर रुग्णालयात साठच्या दशकापासून हा विषय शिकवला जातो, पुण्यातही शिक्षण आहे. या मंडळींना एकत्र बसवून मराठीचं आणि तिच्या बोलींचं साहित्य करून घ्या आणि ते सगळ्यांना मोफत मिळू द्या. आमची १४० चित्रांची वही मी विनामोबदला द्यायला तयार आहे.

आज यजमान तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतात. फोनवर जमत नाही, समोरासमोर जमतं. दमले की शब्द जातात, सकाळी परत येतात. संध्याकाळी बाजार समितीबाहेरच्या टपरीवर जाऊन बसतात. जुने सोबती त्यांना भाव विचारतात आणि थांबतात. थांबायला त्यांना मीच शिकवलं.

आपल्याकडून एवढंच मागते की प्रत्येक जिल्हा शल्यचिकित्सकांना तीन आकडे विचारा. गेल्या वर्षी आपल्या रुग्णालयातून पक्षाघाताचे किती रुग्ण घरी गेले, त्यांतल्या कितींचं बोलणं तपासलं, आणि कितींना स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. ते आकडे जाहीर करा. मी त्यांची वाट पाहते आहे.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी यजमानांना वाचून दाखवलं, दोन दिवस लावून, थोडं थोडं करून. रुग्णालयातले दिवस मी अकरा लिहिले होते. त्यांनी हात वर केला, ओठ हलले, आणि म्हणाले, "बारा." मी कपाटातून डिस्चार्ज कार्ड काढून पाहिलं. बाराच होते. वर दुरुस्त केलं आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
नाशिक जिल्हा